मेडलच्या जागी सुपारी

१

रघुनाथरावांच्या पेटीतून एक मेडल गेलं आणि त्याच्या खाचेत सुपारी आली, हे मला सकाळच्या चहाआधी कळलं. चहाआधी मला काही सांगू नये हे आमच्या गल्लीत शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण रघुनाथराव कंपाउंडच्या भिंतीपलीकडून "जयश्रीताई, ओ जयश्रीताई!" असे काही ओरडले की मला वाटलं, घरात साप निघाला.

साप नव्हता. टेबलावर त्यांची सागवानी पेटी उघडी पडली होती आणि समोर ते कपाळाला हात लावून बसले होते. आत काळी मखमल, तिच्यात गोल खाचा, प्रत्येक खाचेत एक फौजी मेडल. कागद कारखान्यातून रिटायर झाल्यावर माणसं बागकाम करतात, तीर्थयात्रा करतात. यांनी ही मेडलं जमवली. सुरुवात मोठ्या भावाच्या मेडलपासून झाली. स्वातंत्र्याला पंचवीस वर्षं झाली तेव्हा फौजेतल्या सगळ्यांना एक मेडल दिलं होतं, ते. भाऊ गेला, वहिनीनं ते यांच्या हातात ठेवलं, आणि तेव्हापासून कुठं भंगारात, कुठं तांबटाकडे एखादं मेडल दिसलं की हे घरी आणतात. "माणूस बेवारस पडलाय असं वाटतं हो," म्हणतात.

"कोणतं गेलं?" मी विचारलं.

"दुसऱ्या महायुद्धाचं. दगा पाटलाचं."

मी वाकून बघितलं. गेलेल्या मेडलच्या शेजारीच पहिल्या महायुद्धाचं चांदीचं मेडल जसंच्या तसं होतं. गेलं ते तांब्या-निकेलचं. ते विकून या बुऱ्हाणपुरात एक प्लेट मावा जिलेबी तरी येईल का, मला शंका आहे. बरं, नेलं ते नेलं, पण त्याची लाल-निळी फीत सोडून नेलं होतं. फीत खाचेत घडी घालून ठेवलेली, आणि तिच्यावर एक अख्खी सुपारी.

"हे काम निरंजनचं आहे," रघुनाथराव म्हणाले. "सुपारी कोणाच्या तोंडात असते चोवीस तास? आणि हेच मेडल माझ्याकडे कोणी मागितलं होतं? त्यानंच. आखाजी तोंडावर आहे म्हणून थांबलोय. सण झाला की सरळ ठाण्यात जाणार."

मी चहाचं विसरले. आखाजी म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया, ती उद्यावर आली होती. निरंजन सरकारी शाळेत मास्तर आहे. पोलिसात नाव गेलं की दुसऱ्या दिवशी निलंबन, आणि मग खरं काय ते सांगत बसा जन्मभर. त्याहून वाईट म्हणजे, ही अख्खी पेटी आपल्यामागे निरंजननं सांभाळावी असं रघुनाथरावांनी मनोमन ठरवलं होतं. पोटच्या पोराला या मेडलांत रस नव्हता. निरंजनला होता. ज्याला मुलगा मानलं त्यालाच चोर म्हणायची पाळी आली होती, आणि ते ओठ आवळून रडू दाबत होते.

"आखाजीपर्यंत तोंड बंद ठेवा," मी म्हणाले. "तोवर मी बघते."

मी रेल्वेत टीसी होते. भुसावळ-खंडवा पट्ट्यात उभी हयात गेली. विनातिकीट माणूस आणि खोटं बोलणारा माणूस, दोघंही विचारायच्या आत उत्तर देतात. एवढ्या भांडवलावर मी गल्लीतल्या बऱ्याच चोऱ्या काढल्यात.

२

आदल्या संध्याकाळी रघुनाथरावांनी आम्हाला आमरसाला बोलावलं होतं. आम्ही म्हणजे मी, निरंजन, इंदूरहून आलेला त्यांचा मुलगा अजय, आणि गल्लीच्या टोकाला नव्यानं राहायला आलेल्या इच्छापूरच्या सासू-सुना. सून तृप्ती, सासू मनकर्णाबाई. तृप्तीचा नवरा कडू हा केळीच्या गाड्या घेऊन दिल्लीला जातो, महिन्यातले निम्मे दिवस बाहेरच.

रघुनाथरावांच्या घरी एक नियम आहे. मेडलच्या कडेवर शिपायाचं नाव कोरलेलं असतं. ज्याच्या हातात मेडल येईल त्यानं ते नाव मोठ्यानं घ्यायचं. "नाव घेतलं की माणूस उठून बसतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. अजयनं मोबाइलमध्ये बघत बघत कुठलंसं नाव पुटपुटलं. निरंजननं उभं राहून घेतलं. मी माझ्या टीसीच्या आवाजात घेतलं, तर शेजारचं कुत्रं भुंकलं.

मग दगा पाटलाची पाळी आली. तृप्ती तेव्हा आत आंबे पिळत होती. रघुनाथरावांनी ते मेडल मनकर्णाबाईंच्या तळहातावर ठेवलं आणि हकीकत सांगितली. दगा ब्रह्मदेशात लढायला गेला आणि परत आला नाही. प्रेत सापडलं नाही. तिकडे एका स्मारकाच्या खांबावर, ज्यांना कबर नाही की चिता नाही अशांची नावं कोरलीत, त्यांत हा आहे. तिथल्या नोंदीत बायको ताराबाई, गाव फोपनार.

"मी फोपनारला जाऊन आलो," ते म्हणाले. "पारावर विचारलं. कोणी ओळखेना. आपल्या खोऱ्यात दगड मारला तर पाटलालाच लागतो, त्यात हा कोणता दगा? आजी, घ्या नाव. सिपाही दगा पाटील."

मनकर्णाबाईंनी डोक्यावरचा पदर पुढं ओढला. "घसा सुकला व माय," म्हणाल्या, "पानी दे कोनी."

मी पाणी आणलं. नाव रघुनाथरावांनीच घेतलं. मग आमरस आला, ताट हातोहात फिरलं, उठताना अजयनं मेडलं पेटीत भरून झाकण लावलं. जाताना मनकर्णाबाई सणाच्या सामानाची पिशवी सांभाळत, चपला शोधत मागं रेंगाळल्या, अजय फोनवर बोलत गॅलरीत होता, निरंजन पेटी कपाटात ठेवायला आत गेला. म्हणजे पेटीजवळ एकटं कोण होतं म्हणाल, तर थोडा थोडा वेळ सगळेच.

३

निरंजनच्या घरी गेले तर तो पोरांच्या वह्या तपासत होता. मी काही आडपडदा ठेवला नाही. त्याचा चेहरा पडला.

"काकांना मी चोर वाटलो?"

"वाटलास. सुपारी दाखव तुझी."

त्यानं खिशातली डबी उघडून माझ्यापुढं धरली. आत भाजकी सुपारी, कातरून बारीक केलेली. मी चिमूटभर तोंडात टाकली. चोराकडची असली तरी चांगली होती.

"ते मेडल मला संग्रहाला नको होतं, ताई," तो म्हणाला. "त्याच्या घरचे शोधायचे होते. काका म्हणाले, मी शोधलेत, नाही सापडले. अहो, पारावर बसतात ते पुरुष. माहेरी निघून गेलेली बाई कुठं गेली हे गावातल्या बायकांना विचारायचं असतं."

"ताराबाई माहेरी गेली हे तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. पण नवरा बेपत्ता, पदरात एखादं पोर असणार. आणखी कुठं जाईल?"

पोरगा हुशार आहे. पण हुशार माणसंही चोऱ्या करतात, म्हणून मी पुढं विचारलं. "तू घेतलं नाहीस हे मी कशावरून मानू?"

तो पहिल्यांदाच चिडला. "फीत सोडून? फितीशिवाय मेडल म्हणजे अर्धं मेडल. संग्राहक जीव देईल, पण फीत नाही सोडणार. तुम्ही ती शिवण तरी बघितली का?"

नव्हती बघितली. तडक परत आले आणि रघुनाथरावांचं भिंग घेऊन फीत उजेडात धरली. तिची टोकं दोऱ्यानं शिवलेली होती. तो दोरा ब्लेडनं कापलेला नव्हता की ओढून तोडलेलाही नव्हता. एकेक टाका कुणीतरी टोकदार वस्तूनं अलगद उचकटला होता, आणि तो जुना दोरासुद्धा फितीच्या घडीत जपून ठेवला होता. चोराला एवढी माया कुठून येते?

४

अजय मला बघताच म्हणाला, "आत्या, मैंने कुछ नहीं किया."

"मी अजून विचारलं कुठं?"

तो खिडकीबाहेर बघायला लागला. विनातिकीट! मी समोर खुर्ची ओढून बसले आणि गप्प राहिले. गप्प बसलेला टीसी ओरडणाऱ्या टीसीपेक्षा वाईट असतो.

"यार आत्या, इतनाच किया," तो शेवटी म्हणाला. "पेटीचा फोटो काढून इंदूरच्या एका डीलरला पाठवला. बाबा इथं एकटे राहतात, रात्री मला झोप लागत नाही. ही पेटी विकली गेली तर इंदूरला येतील असं वाटलं. डीलर बोला, चांदीवालं सोडून बाकी सब कौड़ी के भाव. मग मी विषयच सोडला."

"मग चोरायचं असतं तर तू चांदीचं घेतलं असतंस."

"और क्या!"

खरं बोलत होता. बापाला न विचारता फोटो काढला म्हणून मी त्याला चार शब्द सुनावले, पण कान नाही पिळला. बापाच्या काळजीनं वेडेपणा करणाऱ्या पोरावर किती रागावणार?

म्हणजे मी होते तिथंच होते. आखाजी दुसऱ्या दिवसावर आली होती. डोकं चालेना तेव्हा मी पिशवी घेऊन सणाच्या सामानाला निघाले. वाण्याला म्हटलं, "आणि दोन सुपाऱ्या दे."

"खायची का पूजेची, मावशी?"

मी तिथंच थबकले. कपाळावर हात मारून घेतला, तर वाण्याला वाटलं मला ऊन लागलं.

पेटीतली सुपारी अख्खी होती, लहान, टोकदार, दगडासारखी टणक. ती खायची नव्हतीच, पूजेची होती. आणि पूजेत सुपारी कशाला मांडतात? जो समोर नाही त्याच्या जागी. माझे हे जिवंत असताना ड्यूटीवर अडकले, की मी सत्यनारायणाला त्यांच्या नावाची सुपारी शेजारी ठेवून बसायची. म्हणजे ज्यानं मेडल नेलं त्यानं चोरी केली नव्हती. त्यानं दगा पाटलाला पेटीतून उठवून कुठंतरी नेलं होतं, आणि परत आणेपर्यंत त्याची जागा रिकामी राहू नये म्हणून सुपारी बसवली होती.

आणि फीत? पाण्यात भिजू नये म्हणून काढून ठेवली. टाके कशानं उचकटले? बांगडीला अडकवलेल्या सेफ्टी पिनेनं. आखाजीला पाण्याचं काय असतं, हे खानदेशातल्या बाईला सांगायला नको. पितरांच्या नावानं घागर भरतात.

उरला एकच प्रश्न. त्या संध्याकाळी सगळ्यांनी नावं घेतली. एकीनं घेतलं नाही. पुरुष मघापासून समोर बसलेले होते, पण पदर तिनं पुढं ओढला तो ते मेडल हातात आल्यावर. कुणापुढं ओढला?

५

तृप्ती नळावर हंडा भरत होती.

"काय गं, तुझ्या सासूची सासू. तिचं नाव काय?"

"ताराबाई. क्यूँ?"

"कुठल्या?"

"सासर फोपनारचं, पण राहिल्या इच्छापूरला, माहेरी. सासरे लहान होते तेव्हाच आल्या म्हणे. मरेपर्यंत कुंकू लावायच्या. नवरा लढाईवर गेला तो आलाच नाही ना. पण मेला म्हणायची कोणाची हिंमत नव्हती. ओट्यावर बसून वाट बघायच्या."

"त्या नवऱ्याचं नाव काय?"

तृप्तीनं हंडा खाली ठेवला. "मालूम नहीं, मावशी. आई कशा सांगतील? सासऱ्याचं नाव सून घेते का? आणि बाकी कोणी बोललंच नाही कधी. का? काय झालं?"

"काही नाही. उद्या दुपारी आम्ही तुमच्याकडे येतोय. सासूला सांगू नको."

घरी येऊन मी रघुनाथरावांना सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, मग म्हणाले, "पण मागितलं असतं तर मी दिलं नसतं का?"

"ते उद्या त्यांनाच विचारा. आणि निरंजनला बोलवा. बोलावताना फोनवर नुसतं 'ये' म्हणू नका, माफी मागा."

"फोनवर?"

"नाही तर काय, गावात दवंडी पिटता?"

त्यांनी फोन लावला, आणि "ये" एवढंच म्हणाले. पुरुषांना एक काम धड सांगायची सोय नाही.

६

आखाजीची दुपार. मनकर्णाबाईंच्या स्वयंपाकघरात जमिनीवर गव्हाच्या राशीवर मातीची लाल घागर मांडली होती. तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, आणि आंबा. शेजारी मांडे, आमरस, कुरडया. घागरीच्या पोटाशी टेकवून ठेवलं होतं ते मेडल, ओलं, कुंकू लावलेलं. आणि असं लखलखत होतं की रघुनाथराव दारातच थांबले.

ते मेडलं कधी घासत नाहीत. ओल्या हाताचा माणूस पेटीजवळ आला तरी त्यांचा जीव वरखाली होतो. इतक्या वर्षांचा काळपटपणा म्हणजे त्या मेडलचं वय, ते पुसायचं नसतं, हे त्यांनी मला शंभरदा ऐकवलंय.

"चिंचेनं घासलं?" त्यांनी कसंबसं विचारलं.

"चिंच न् राख," मनकर्णाबाई म्हणाल्या. आम्हाला बघून त्या घाबरल्या नाहीत. उठून उभ्या राहिल्या, पदर सावरला. "मले चोर म्हना भाऊ. पन आजचा दिस जाऊ द्या. उद्या मीच घेऊन येनार होती. तुमची जागा रिकामी नही ठेवली म्या."

"सुपारी बघितली मी," रघुनाथराव म्हणाले. "पण आजी, मला मागायचं ना."

"काय म्हनून मागू? माझ्या कोनाचं हाय ते, असं इचारलं असतं तुमी. मंग नाव घ्यावं लागलं असतं."

रघुनाथराव चपला काढून आत आले. मनकर्णाबाई पुढं बोलू लागल्या.

"माझ्या सासूनं घागर भरू दिली नही कधी. म्हने, जित्या मानसाची घागर भरत नसतात. हे मेडल टपालानं आलं व्हतं. तिनं बोहारणीले देऊन टाकलं, त्याच्या बदल्यात तांब्या घेतला. म्हने, तो आला की त्याले पानी द्यायले कामी पडंल. ती गेली. मंग माझ्या मालकानं आईचा शब्द पाळला. तो बी गेला. अन् त्या दिशी तुमी म्हनले, खांबावर नाव कोरलं. तवा मले कळलं, खरंच गेले. ऐंशी वर्सं झाली असतील का नही? ऐंशी वर्सं त्या मानसाले कोनी पानी पाजलं नही, भाऊ."

घागरीशेजारी पितळेचा जुना तांब्या ठेवला होता. तोच असणार. माझे डोळे भरून आले आणि मी ते लपवायच्या भानगडीत पडले नाही. तृप्ती तर चुलीकडे तोंड करून सरळ रडत होती.

आगारी तेवढी राहिली होती. निखाऱ्यावर तूप आणि घास टाकायचा आणि पितराला नावानं हाक मारायची. ती घरातल्या पुरुषानं मारायची. पण कडूची गाडी दिल्लीच्या मंडीत अडकली होती.

रघुनाथराव निरंजनकडे वळले. तो दाराशी उभा होता, बोलावलं म्हणून आलेला, पण आत न आलेला.

"निरंजन, मी तुला चोर म्हटलं," ते म्हणाले, सगळ्यांसमोर, फोनवर नाही. "माझ्या तोंडाला हे नाव आज शोभायचं नाही. तू घे. तूच याचे घरचे शोधणार होतास."

निरंजन आत आला. रघुनाथरावांच्या खांद्यावर त्यानं हात ठेवला. मग मान हलवली. "शोधणार होतो, काका. आता सापडले. मग नाव त्यांनीच घ्यावं ना."

निखारे राखेआड जायला लागले होते. तृप्ती म्हणाली, "आई, मी घेते ना, मला कुठं काय." मनकर्णाबाईंनी हातानं तिला थांबवलं. चुलीपुढं बसल्या. पदर इतका पुढं ओढला की तोंड दिसेना. घास उचलला.

"दगा बाबा," त्या म्हणाल्या. आवाज आधी हळू होता. मग थोडा चढला. "दगा पाटील, फोपनारवाले. म्या सून तुमची. मनकर्णा. या घरी. पानी प्या, जेवा."

तूप पडलं आणि निखारा भडकला.

मेडल रघुनाथरावांनी परत घेतलं नाही. खिशातून ती फीत काढून त्यांनी मनकर्णाबाईंना दिली, तर त्या म्हणाल्या, राहू दे तुमच्यापाशी, काही तरी तर राहिलं पायजे. म्हणून त्या खाचेत आजही फीत आहे आणि तिच्यावर सुपारी आहे. पेटीची किल्ली आता निरंजनकडे असते. रविवारी बघायला येणारी माणसं त्या खाचेपाशी अडखळतात आणि विचारतात, इथलं मेडल कुठं गेलं?

रघुनाथराव उत्तर देत नाहीत, निरंजनकडे बघतात.

"सिपाही दगा पाटील," निरंजन सांगतो. "घरी गेलेत."